डिसिजनचा मूळ अर्थ

साक्रीच्या पश्चिमेकडल्या एका गावात अंगणवाडीच्या छपरावर चिंचेची वाळकी फांदी झुकली होती. चुडामणनानांची नात तिथेच बसायची, म्हणून नानांनी फांदी कापण्याचा अर्ज तालुक्याला दिला. अर्ज आठ महिने विचाराधीन राहिला. तेवढ्या काळात फांदी आणखी हातभर खाली आली.

नाना नवव्या खेपेला गेले, तेव्हा तालुका कार्यालयातले कुंदनसाहेब नुकतेच धुळ्याहून 'ठाम निर्णयक्षमता' या विषयाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परतले होते. त्यांनी नानांना बसवून घेतले आणि समजावले, की डिसिजन हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशी अर्थ आहे कापणे. एक वाट धरायची, बाकीच्या छाटायच्या.

नानांना हायसे वाटले. "मंग कापा ना, सायेब. फांदी वाळेल शे. पोरेसना डोकावर पडी."

"तीच तर अडचण आहे, नाना. कापणे म्हणजे निर्णय. अर्जात 'फांदी कापावी' असं लिहून तो तुम्हीच घेऊन टाकलात. अधिकार मात्र कार्यालयाचा."

आठवड्याने नोटीस आली. परस्पर निर्णय घेतल्याचा खुलासा करावा. तोवर फांदीस कोणीही हात लावू नये. मुलांना फांदीखाली बसवू नये, तथापि अंगणवाडीची हजेरी कमी होता कामा नये.

नानांनी नोटीस ग्रामसभेत वाचून दाखवली. गाव पेटले. सरपंच रतिलाल उभे राहून म्हणाले, "नाना, बठ्ठं गाव तुमना मांगे शे." झाडून सगळे हात वर गेले.

दुसऱ्या सकाळी सत्तरीतले नाना कुऱ्हाड घेऊन चिंचेवर चढले. फांदी पडली आणि त्या दिवशी पोरे निर्धास्त बसली.

साहेब जातीने चौकशीला आले. फांदी कोणाच्या संमतीने तोडली, असे त्यांनी विचारले. नाना म्हणाले, गावाच्या. मग घरोघर जबाब झाले. सभेच्या दिवशी रतिलाल मुलीकडे बोदवडला गेले होते. शेजारच्या पुनाला ताप होता. पलीकडच्या घरातल्या वनाने हात वर केला होता खरा, पण तो माशी हाकलायला. एकशेबारा जबाबांअंती असे निष्पन्न झाले, की त्या ग्रामसभेला एकटे नानाच हजर होते. गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला.

कुंदनसाहेबांनी फाईल अजून बंद केलेली नाही. जबाबाचा एक कागद कोरा ठेवला आहे. वाचकहो, तुम्हीही त्या दिवशी बाहेरगावीच असाल. कोणत्या गावाला गेला होता, त्याचे नाव तेवढे आठवून ठेवा.