एवेलिओला पुसलं, त्याची हकिकत

आमच्या जावयाला, रेनिएरला, न विचारता कामं करायची खोड आहे. ताटात भात असताना ताट उचलतो आणि वर म्हणतो, मदत केली. रेशनच्या कार्यालयात तो यंत्राला हुकूम लिहून देतो. हवानाहून फर्मान आलं, की मेलेली माणसं यादीतून काढा. पक्षपाताचा आरोप नको म्हणून याने सुरुवात माझ्या नवऱ्यापासून केली.

एवेलिओ जाऊन चौदा महिने झाले होते. त्याच्या वाट्याचा तांदूळ मात्र येत होता. आम्हीही सरकारचं मन मोडलं नाही.

मंगळवारी रेशनच्या दुकानात गेले, तर दुकानदार ओनेलिओ यादीवर बोट फिरवत म्हणाला, "नेरेइदाबाई, तुमचं घर इथे नाही."

"घर नाही? मग मी काय झाडावरून उतरून आले?"

"झाडाचं मला विचारू नका. नातीचं दूधही बंद दिसतंय."

नात दोन वर्षांची, आणि मुलांना रेशनचं दूध सात वर्षांपर्यंतच मिळतं. संध्याकाळी जावयाला दारातच धरलं. "म्हातारा काढायचा होता, घर कशाला काढलंस?"

"सासूबाई, नोंदी एकमेकींना बांधलेल्या असतात. सासरे कुटुंबप्रमुख. ते गेले की त्यांना टांगलेले सगळे जातात. मागचे पाचही जण एका फटक्यात गेले, यंत्राने एक चूक दाखवली नाही!" चेहरा असा, जणू बक्षीस मिळालंय.

"त्यात तुझी मुलगी गेली. आणि तू?"

"माझं नाव आईच्या रेशनच्या वहीत आहे ना."

सकाळी कार्यालय गाठलं. टेबलामागे सेनाइदा. म्हटलं, "नवीन प्रमुख लिही. मी आहे."

"प्रमुख नोंदीतलाच लागतो. तुमची नोंद नाही."

"मग कर."

"प्रमुखाशिवाय कुणाची नोंद होत नाही."

"मग आणू कुणाला?"

तिने जुनी प्रत उघडली. "एवेलिओंना परत आणता येईल. ते आले की तुम्ही सगळे त्यांच्यामागून याल."

तीन शिक्के मारून माझा नवरा जिवंत झाला. दूध सुरू झालं, त्याचा तांदूळही. अट एवढीच, की प्रमुख बदलायचा तर जुन्या प्रमुखाने स्वतः हजर राहून अर्ज द्यायचा. तपासणीत तो मेलेला सापडला, तर पुन्हा सगळे पुसले जाणार. पाद्रीबाबा राहून गेलेल्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेचं विचारायला आले, त्यांना म्हटलं, हळू बोला. नात सात वर्षांची होईपर्यंत त्याच्या आत्म्याला शांती नको.

रविवारी रेनिएर म्हाताऱ्याच्या वाट्याची कॉफी पीत म्हणाला, "बघा सासूबाई, झालं ना सगळं सुरळीत?"

मी सगळ्यांदेखत सांगितलं, "सुरळीतच आहे, बाबा. मेलेला माणूस घर चालवतो म्हणता, त्याचं मला नवल नाही. जिवंतपणीही तो सहीपुरताच होता. पण पुन्हा कुणाला पुसायची हुक्की आली, तर आधी तुझ्या आईच्या वहीतलं तुझं नाव पुसून बघ. मागोमाग एक चमचासुद्धा जायचा नाही."