जिताड्याचं काळीज

सकाळपासून मैनाबाईंना स्वतःच्याच स्वयंपाकघरात बोलायची बंदी होती. बंदी घातली होती त्यांच्या लेकीनं. जागृती नवी मुंबईत मासळीवर पीएच.डी. करत होती. पाण्याचा खारटपणा बदलला की जिताडा या खाडीतल्या माशाच्या काळजातले कोणते जीन जागे होतात, हा तिचा विषय. जिताडे मात्र किहीमच्या अलीकडच्या, तिच्या वडिलांच्या, बुधाजींच्या तळ्यातलेच.

ओट्यावर स्पिरिट फवारत तिनं बजावलं, "या काळजातून मला आरएनए काढायचाय. लई नाजूक असतो. बोटाचा घाम लागला, थुंकीचा थेंब उडाला, की खलास. कुणी हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही."

मैनाबाईंनी तोंडाला पदर बांधला. जागृतीनं काळजाचे ऐसपैस तुकडे केले आणि टिकवायच्या खारट द्रावणात बुडवून कुप्या बंद केल्या. मैनाबाई मध्येच दोन बोटं चिमटीसारखी जवळ आणून हातवारे करू लागल्या.

"चहा नंतर, आई!" जागृती खेकसली.

कुप्या दोन दिवस घरच्या फ्रिजमध्ये होत्या. तेवढ्या वेळात बुधाजींनी निम्मी आळी आणून दाखवली. दोन हात लांब उभं करून, नाकाला रुमाल लावायला लावून. "हात नको लावू, भागोजी. माझे पोरीचं डॉक्टरकीचं सामान हाय."

पुढच्या शनिवारी जागृती घरी आली असताना तिच्या मार्गदर्शक सोनल मॅडमचा फोन आला. जागृती दाणे सोलत होती, म्हणून फोन स्पीकरवर.

"दहापैकी दोन गुण, जागृती! आरएनएचा पार चुरा झालाय. कापताना काही चुकलं का?"

"नाही मॅडम, माझ्याकडून काही नाही. घरच्यांनीच कुप्या हाताळल्या असणार. गावची माणसं, कितीही सांगा..."

पुढचं वाक्य तिला गिळावं लागलं. दारात बुधाजी उभे होते. त्यांनी फोनजवळ येऊन मान खाली घातली, जणू मॅडम समोरच बसल्या होत्या. "मॅडम, चूक माझी हाय. मीच फ्रिज उघडून लोकांना दाखवला. पोरीला बोलू नका."

मॅडम म्हणाल्या, "महिनाअखेर नवा नमुना मिळाला नाही, तर प्रबंधातला हा सगळा भाग काढावा लागेल. उद्या मीच येते."

तळ्यात एकच जिताडा उरला होता. तीन वर्षं वाढवलेला. जागृती डॉक्टर होईल त्या दिवशीच्या जेवणासाठी राखलेला. बुधाजींनी सकाळी एक शब्द न बोलता त्याच्यावर जाळं टाकलं. कालपासून त्यांच्या हातात जागृतीचे रबरी हातमोजे होते. फ्रिज हातमोज्यांनी, नळ हातमोज्यांनी, चहाचा कपही हातमोज्यांनीच. जागृतीनं ते पाहिलं आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. उशिरा का होईना, शिस्त लागली.

मॅडम आल्या. जागृतीनं सुरी चालवली. मैनाबाई पदराआडून पुन्हा चिमटी नाचवू लागल्या. जागृतीनं डोळे वटारले, तशी मैनाबाईंनी पदरच सोडला.

"अगो बाय, हे काय टुकडे केलंस? कालवणाचं हाय का? इतक्या जाड टुकड्यात मीठ शिरंल कसं? वरून बरा दिसतो, आतून नासतो. मी मासळी खारवते तवा चिरा पाडते ना, कशाला पाडते?"

मॅडमनी द्रावणाची बाटली उचलली, चष्मा सारखा केला आणि मागचं लेबल वाचलं. "तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. छापलंय इथे. आई अगदी बरोबर सांगतायत."

जागृतीचे कान तापले. "मागच्या वेळी का नाही बोललीस?"

"तवाच सांगत होते की. तूच बोल्लीस, तोंड उघडू नको."

मग विळीवर मैनाबाई बसल्या. हात स्पिरिटनं धुऊन, तोंडाला पदर बांधून त्यांनी काळजाचे मुगाएवढे तुकडे पाडले. उरलेल्या जिताड्याचं कालवण झालं. मॅडमनी दोनदा वाढून घेतलं. जागृतीसमोर बाबा हातमोजे घालून भाकरी मोडत होते, आणि चूक माझी होती हे तीन शब्द तिच्या तोंडून निघत नव्हते. मॅडमसमोर तर नाहीच नाही.

आठ दिवसांनी प्रयोगशाळेतून तिनं घरी फोन लावला.

"बाबा, दहापैकी साडेआठ आले."

"आईला सांगतो. लई बरं झालं."

"बाबा, ऐक. मागच्या वेळची चूक तुझी नव्हती. तुकडे मी जाड कापले. फ्रिज उघडल्यानं काही झालं नव्हतं. आणि मी मॅडमना घरच्यांचं नाव सांगितलं. मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

बुधाजींनी जपून विचारलं,

"मग बाय, आता चाय पिताना हातमोजं काढू?"