चावी काढली तरी

मैत्रिणींनो, मला गाड्यांमधलं काही कळत नाही, असं आमच्या घरात सगळे समजतात. साफ चूक! डोळे मिटून जपाला बसले असताना शेजारच्या इंदूबाईंचं दूध उतू चाललंय हे जिला नुसत्या आवाजावरून कळतं, तिला इंजिन काय अवघड?

म्हणूनच यज्ञेश, म्हणजे आमचा मुलगा, म्हणाला, "आईच निवाडा देईल. ती खोटं बोलत नाही," तेव्हा मी पदर खोचला.

खटला असा. आमच्या ह्यांची, सगळं कर्जत ज्यांना नाना म्हणतं त्यांची, चाळीस वर्षांची विलायती डिझेल गाडी आहे. एके काळी म्हणे एका गिरणीमालकाची होती. आणि यज्ञेश ठाण्याहून आला तो नवी, काळीभोर, गाभाऱ्यासारखी थंड गाडी घेऊन! अंगणात दोन्ही कशाबशा कोंबलेल्या, नीट जागा एकीचीच. त्यात पठ्ठ्याने साजगावच्या प्रवीण भंगारवाल्याला टेंपो घेऊन बोलावूनही ठेवलेलं.

"नाना, तिला आता निरोप द्या."

"आधी तुझ्या आईला दोन्हींतून कळंबपर्यंत फिरवून आणू. तिला जी कमी वाटेल, ती अंगणातून जाईल!"

संकष्टी होती. पोटात साबुदाण्याचा दाणा नाही, त्यामुळे कान अगदी तीक्ष्ण.

आधी नवी. मी बसले, पदर सावरला, माळ काढली. बराच वेळ काहीच होईना.

"सुरू कर ना रे."

"आई, आपण दहिवली सोडली!"

मी काचेतून बघते तर झाडं पळताहेत! यज्ञेशने पाय जरासा दाबला आणि मोदकात सारण बसावं तशी मी सीटमध्ये बसले. एक मणी सरकेपर्यंत दोन वळणं सरकली!

"केवढी रे ताकद हिची?"

"चारशे घोडे!"

चारशे घोडे, आणि एकही खिंकाळत नाही! एवढं बळ आणि एवढं मौन! मी मनातल्या मनात हात जोडले. परत आलो तेव्हा माझा चेहरा बघून नानांचा उतरला.

मग नानांची. त्यांनी चावी फिरवली आणि गप्प बसून राहिले.

"अहो, बिघडली का?"

"थांब गं चारू. आधी आतून तापू दे. तो पिवळा दिवा विझला की मगच."

कामाआधी क्षणभर ध्यान! मला फार आवडलं. मग जे काही जागं झालं! दार, चष्मा, बांगड्या, दातसुद्धा थरथरायला लागले.

"हिचे घोडे किती?"

"ऐंशीएक. पण सगळे बोलतात!"

चढावर ती दमली, खोकली, पण थांबली नाही. आणि त्या धडधडीत माझा जप असा बसला, एका ठोक्याला एक नाम, की डोळे उघडले ते थेट अंगणात. आता कमी कुणाला म्हणायचं?

नानांनी चावी फिरवली. काढली. खिशात टाकली.

इंजिन चालूच!

"अहो!"

"अगं, चावी खिशात आहे!"

कुंपणावरून इंदूबाई धावल्या. "वैनी, चावी खिशात न् इंजिन चालू? आज संकष्टी! ह्ये साधं नाय गं!"

माझ्या अंगावर काटा आला. धावत आत गेले, तबक आणलं. बॉनेटवर हळदकुंकू, दूर्वा, जास्वंद, निरांजन! इंदूबाईंनी नारळ ठेवला. गल्ली जमली. टाळ्यांच्या ठेक्यात आरती सुरू झाली आणि इंजिनाने एकही ठोका चुकवला नाही!

"आई, तो बिघाड आहे!" यज्ञेश ओरडत होता. "नाना, बंद करा ना!"

"आत एक दांडा आहे, तो दाबला की झालं," नाना शांतपणे म्हणाले. "पण पूजेचं बॉनेट उघडू कसं?"

"मग मी माझी गाडी बाहेर काढतो!" तो तरातरा नव्या गाडीकडे गेला. दार उघडेना. आत पडद्यावर अक्षरं: 'अपडेट सुरू आहे. कृपया वाट पाहा.' आम्ही दोघं जुन्या गाडीतून कळंबला गेलेलो असताना यज्ञेशनेच ते सुरू करून ठेवलेलं. एकीची चावी खिशात घातली तरी बंद होत नाही, दुसरीची चावी हातात असून चालू होत नाही!

तेवढ्यात प्रवीणचा टेंपो दारात लागला. यज्ञेश म्हणाला, "ती जुनी उचल!"

मी अगदी हळू आवाजात म्हटलं, "प्रवीण, पूजा मांडलीय रे. उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही."

"कधी हाय उत्तरपूजा, काकू?"

"मुहूर्त बघावा लागेल."

"नाय काकू, देवाच्या गाडीला आमी हात नाय लावणार." त्याने चप्पल काढून बॉनेटला नमस्कार केला. नाना खोकल्यासारखं करून हसू दाबत होते.

मग प्रवीणने अंगणभर नजर फिरवली. नव्या गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवर टकटक केली आणि दोरी सोडत यज्ञेशला म्हणाला, "दादा, टेंपो रिकामा कशाला न्यायचा? ही काळी बंद पडलेली हाय ना, ही चढवू?"