समुद्रसपाटीवरचा सूर्योदय ग्राह्य नाही

अर्नाळ्याला सूर्य रोज उगवत असे. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. १९५३ सालच्या नोव्हेंबरात मात्र वरच्या कचेरीच्या असं लक्षात आलं की, या उगवण्याला आजवर एकाही अधिकाऱ्याची साक्ष झालेली नाही.

त्याचं असं झालं. गावोगाव तेव्हा प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग चालत आणि प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर 'अंधारातून प्रकाशाकडे' असा तक्ता टांगलेला असे. एका कर्तव्यदक्ष साहेबांनी तो तक्ता एकदा नीट वाचला आणि विचारलं, या लोकांना प्रकाश प्रत्यक्ष दाखवला आहे काय? दाखवल्याचा कागद नव्हता. आणि कागद नाही ती गोष्ट झालेली नाही, हे सरकारात शेंबडं पोरही जाणतं. पंधरवड्यात परिपत्रक निघालं. त्यातला महत्त्वाचा मजकूर येणेप्रमाणे:

'कलम ४. वर्गातील प्रत्येक प्रौढास उच्च गिरिशिखरावरून सूर्योदय दाखविण्यात यावा. शिखराची उंची दोन हजार फुटांहून कमी नसावी. समुद्रसपाटीवरून पाहिलेला सूर्योदय ग्राह्य धरला जाणार नाही. कलम ६. साक्षांकन करणारे अधिकारी स्थळी पोहोचण्यापूर्वी पाहिला गेलेला सूर्योदय रद्द समजावा. कलम ९. पूर्ण पटसंख्येस सूर्योदय दाखविणाऱ्या हंगामी शिक्षकाची कायम नेमणुकीसाठी शिफारस व्हावी. कलम ११. कलम नऊचा लाभ घेणाऱ्या शिक्षकाची सेवा, त्याची त्यास संमती आहे असे गृहीत धरून, सदरहू दर्शनस्थळी असलेल्या अगर पुढे निर्माण होणाऱ्या पदाकडे आपोआप वर्ग झाली असे समजावे. कलम १२. प्रपत्र तीन प्रतींत, काळ्या शाईने भरावे. टाचणी गंजलेली नसावी.'

दयाराम मास्तरांनी हे परिपत्रक वर्गात कंदिलापुढे धरून मोठ्याने वाचलं. नववं कलम त्यांनी दोनदा वाचलं आणि तिथेच ते थांबले. मास्तर अकरा वर्षं हंगामी होते. हंगाम म्हटला की तीन-चार महिन्यांत आटोपतो, हे केळीवाल्यांना ठाऊक आणि मासळीवाल्यांनाही ठाऊक. मास्तरांचा हंगाम मात्र पहिल्या मुलीच्या बारशाला सुरू झाला होता आणि ती आता परकर नेसून विहिरीवर पाणी भरत होती. दर एप्रिलात नोकरी सुटायची, दर जूनमध्ये पुन्हा लागायची. त्यांच्या बायकोने, नर्मदाबाईंनी, दोन महिने पुरतील असे पापड आणि सुकट भरून ठेवायची सवयच लावून घेतली होती.

"पुढचं काय हाय, मास्तर?" लुईझाबाईंनी विचारलं. या पन्नाशीच्या कोळीण. सकाळी मासळीची पाटी, संध्याकाळी पाटी-पेन्सिल, असा त्यांचा वर्षभराचा क्रम होता. त्यांचा मुलगा सेबेस्टियन होडी घेऊन खोल पाण्यात जायचा. त्याच्या होडीवर लिहिलेलं नाव आपल्याला वाचता यावं, एवढ्यासाठी त्या वर्गाला आल्या होत्या.

"पुढचं नेहमीचंच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी घडी घातली.

केळीची वाडी असलेल्या गंगारामने शंका काढली. "मास्तर, मी चारला उठून रहाट धरतो. सूर्य येतो तेव्हा माझं निम्मं पाणी लावून झालेलं असतं. तो मला बघायला येतो, मी त्याला बघायला कशाला जाऊ?"

"तुमची वाडी किती फूट उंच?"

"वाडी कशी उंच असेल? भरतीला खारं पाणी कुंपणाला लागतं."

"मग तुम्ही जो पाहता तो ग्राह्य नाही," मास्तर म्हणाले. हे वाक्य तोंडून जाताच त्यांचं त्यांनाच वाटलं, आपण कायम व्हायला लायक आहोत.

दोन हजार फुटांचं जवळचं शिखर म्हणजे तुंगार. रविवारी चर्चची मिस्सा, सोमवारी साहेबांची कचेरी, शुक्रवारी बाजार, असं करत करत डिसेंबरातला एक गुरुवार ठरला. बुधवारी दुपारी चार बैलगाड्यांतून तेवीस प्रौढ, एक मास्तर आणि एक पितळी दौत अशी मंडळी निघाली. विरार मागे टाकून सातिवलीला गाड्या सोडल्या आणि दिवेलागणीला सगळे डोंगरातल्या तुंगारेश्वराच्या देवळाशी पोहोचले. साहेब, म्हणजे शाळा तपासणारे आमचे दिपोटी पोतनीस, तिथे आधीच येऊन बसले होते. त्यांच्यासोबत एक बिछाना, एक फिरकीचा तांब्या आणि एक शिपाई होता. कलम सहा त्यांनी स्वतःच लिहिलं होतं असं म्हणत.

"मी पाचला निघतो. तुम्ही पुढे व्हा," साहेबांनी सांगितलं.

साहेब शब्दाचे पक्के. पाचला ते उठले. पण दाढी वाढलेल्या अधिकाऱ्याने सूर्याला सामोरं कसं जावं? पाणी तापवायला ओली लाकडं मिळाली. दाढी झाली तर चहा राहिला, चहा झाला तर पायातला बूट चावायला लागला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. इकडे शिखरावर मास्तर एका धोंड्यावर उभे राहून खालच्या पायवाटेकडे टक लावून होते. पूर्वेला आधी राखाडी, मग तांबूस, मग चांगलंच केशरी झालं. सूर्याला परिपत्रकाची प्रत गेलेली नव्हती, हे उघड होतं.

सात वाजले. पायवाटेवर साहेब नाहीत, शिपाई नाही, तांब्यासुद्धा नाही. आणखी पाच मिनिटांत तेवीस माणसं एक रद्द सूर्योदय बघणार होती. अकरा वर्षं डोळ्यांपुढून गेली आणि मास्तरांना एकदम सुचलं.

"सर्वांनी मागे वळा," ते ओरडले. "पश्चिमेकडे तोंड करा. मी सांगेपर्यंत कोणी पूर्वेला पाहायचं नाही."

तेवीस माणसं वळली. सूर्य त्यांच्या पाठीमागे मुकाट्याने उगवला.

समोर त्यांचा सगळा मुलूख पसरला होता. डोंगराची सावली पार किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती आणि सगळी गावं त्या सावलीत अजून झोपल्यासारखी होती. ऊन आधी पडलं ते दूर दर्यावर. तिथली एक पट्टी उजळली. मग अर्नाळ्याचा किल्ला पाण्यातून वर काढल्यासारखा पिवळा झाला. मग सावली हळूहळू मागे सरकू लागली. माडांचे शेंडे, मग वटारच्या वाड्या, मग निर्मळचं तळं. एकेक गाव जणू कोणी नाव घेऊन उठवत होतं. गंगारामला स्वतःची वाडी सापडली. "ती बघा, विहिरीजवळ दोन माड," तो म्हणाला. ती वाडी त्याने आजवर फक्त आतून पाहिली होती.

"आमी रोज अशाच उभ्या रातो," लुईझाबाई म्हणाल्या. "होड्या येतात तिकडं तोंड. पाठीला ऊन लागलं की समजायचं, उजाडलं." मग उजळलेल्या पट्टीत त्यांना शिडं दिसली, तिळाएवढी. त्यांनी ती मोजली नाहीत, नुसती पाहिली. "एवढं पानी हाय? आन माझा पोर त्या एवढ्याशा फळीवर?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आजवर मी त्याला पैल्या लाटेपुरतंच जाताना बघितलं व्हतं, मास्तर."

मास्तरांना हे सगळं ऐकू आलं, पण ते पायवाट बघत होते. त्या दिवशी शिखरावर काहीच न पाहिलेला माणूस तेवढा एकच.

साडेआठला साहेब उगवले. सूर्य तोवर चांगला दोन कासरे वर आला होता. साहेबांनी त्याच्याकडे नापसंतीने पाहिलं.

"मास्तर, हा सूर्य उगवलेला दिसतो."

"वर आला आहे साहेब. पण आपल्यापैकी कोणी अजून पाहिलेला नाही."

साहेबांनी तेवीस पाठींची रांग न्याहाळली. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे पटावर तो उगवलेला नाही. शाबास." त्यांनी पंचांगातली वेळ विचारली, खिशातलं घड्याळ काढलं, काटे फिरवून सात वाजून पाच मिनिटांवर आणले आणि आज्ञा केली, "आता वळा."

मंडळी वळली आणि लखलखीत उन्हात डोळे मिटून उभी राहिली. गंगारामला लागोपाठ चार शिंका आल्या.

"दिसला?"

"डोळ्यांपुढं काळं दिसतंय, साहेब."

"दिसला असं लिहा," साहेब शिपायाला म्हणाले.

मग सह्या सुरू झाल्या. नवी सही म्हणजे नवं जोडवं. ती मिरवायचा कोण उत्साह. जीभ दातांत धरून, मान वाकडी करून एकेकाने नाव रेखलं. बावीस सह्या झाल्या. घोडं गंगेत न्हालं म्हणून मास्तरांनी श्वास सोडला, तोच लुईझाबाईंनी कागद हातात घेतला आणि खाली बसून त्या बोटाने एकेक अक्षर लावू लागल्या.

"मी... साहेबांच्या... समक्ष... उगवता सूर्य... पाहिला." त्यांनी मान वर केली. "हे खोटं हाय, मास्तर. मी सही नाय करनार."

"लुईझाबाई, हे वाचायचं नसतं. सही करायची असते."

"तुमीच शिकवलंत ना, वाचल्याबिगर सही करू नये म्हनून? शनवारी फादरकडं कुमसार हाय माझा, पापं कबूल करायची. हे पाप मी कुठं सांगू?"

साहेबांना ऊन लागत होतं. "मग अंगठा लावा, बाई. अंगठेबहाद्दराने वाचणं अपेक्षित नसतं, तेव्हा पापही लागत नाही."

मास्तर चाचरत म्हणाले, "साहेब, अंगठा लावला तर वर्गातली एक बाई निरक्षर राहिली असं होईल. मग वर्ग नापास."

"बरोबर. मग तुम्ही कायम होणार नाही," साहेबांनी शांतपणे सांगितलं.

म्हणजे बाई शिकली म्हणून सही होत नव्हती, आणि सही होत नव्हती म्हणून ती शिकली नाही असं ठरत होतं. मास्तर लुईझाबाईंसमोर उकिडवे बसले. "बाई, अकरा वर्षं झाली. तुमच्या एका नावावर माझं घर आहे," ते हळूच म्हणाले. हे सांगताना त्यांना मनापासून लाज वाटली.

लुईझाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. "ही रिकामी जागा कशाला सोडलीय?"

"तो शेरा. काही सांगायचं असल्यास."

"मंग सांगते." त्यांनी टाक दौतीत बुडवला. दहा मिनिटं शिखरावर टाकाच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. मग खाली त्यांनी सही केली, पूर्ण नाव, काना-मात्रेसकट. साहेबांनी तिन्ही प्रतींवर 'समक्ष' लिहून झोकदार सही ठोकली आणि ते सावलीकडे वळले.

मास्तरांनी तो शेरा उतारावर वाचला. 'सूर्य वेळेवर आला. साहेब उशीरा आले. मी होड्या बघितल्या.'

वर्षभरात वर्गातल्या कोणी स्वतःच्या मनाने लिहिलेली ही पहिली तीन वाक्यं होती. शिक्षक म्हणून त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली आणि हंगामी नोकर म्हणून कागदाची घडी घातली. खोडावं तर साक्षांकित कागद. त्यात खाडाखोड म्हणजे गुन्हा. कागद तसाच वर गेला. नर्मदाबाईंनी त्या साली पापड दुप्पट लाटले.

पण मास्तरांना सरकारची ताकद ठाऊक नव्हती. तो कागद एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेला. सात टेबलांवर सात जणांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून सही केली. तेवीस माणसांनी पाठ करून पाहिलेला सूर्योदय सात साहेबांनी डोळे मिटून मंजूर केला. मार्चमध्ये हुकूम आला. 'कायम' हा शब्द पहिल्याच ओळीत होता. मास्तरांना पुढचं धूसर दिसू लागलं. त्यांनी टपालवाल्याच्या पाठीवरच कागद ठेवून पोच लिहून दिली, 'हुकूम वाचला, समजला, मान्य आहे', आणि गूळ-खोबरं आणायला धावले.

संध्याकाळी वर्गात गूळ-खोबरं वाटून झालं. मास्तरांनी हुकूम लुईझाबाईंच्या हाती दिला. "तुम्ही वाचा. हा तुमचाच मान."

त्यांनी बोट ठेवून वाचलं. "श्री. दयाराम यांना... कायम करण्यात येत आहे." टाळ्या पडल्या. बाईंचं बोट मात्र थांबलं नाही. "कलम अकराअन्वये... मुक्काम तुंगार शिखर... येथे... दररोज सूर्योदय दाखविण्याच्या पदावर. इमारत मंजूर होईपर्यंत... तेथील धोंडा हेच कार्यालय समजावे."

टाळ्या थांबल्या.

"मास्तर," लुईझाबाईंनी मायेने विचारलं, "हे वाचून मान्य केलंत ना?"

मास्तर पहिल्या जूनला तुंगारावर रुजू झाले. पावसाचे चार महिने सूर्य दिसत नाही, पण ते मस्टरवर तो रोज उगवतो असं दाखवतात. नर्मदाबाई सातिवलीहून डबा वर पाठवतात. गंगारामने अर्ज करून मास्तरांची बदली मागितली होती; तो अर्जही सात टेबलांनी पाहिला.

तुम्हाला मास्तरांची कीव आली असेल, थोडं हसूही आलं असेल. अकरावं कलम निदान एकदा वाचायला काय झालं होतं, असंही मनात येऊन गेलं असेल. ते कलम या गोष्टीच्या सुरुवातीलाच, एक अक्षर न गाळता, छापलेलं आहे. आपण ते वाचून पुढे आला होतात की गंजलेल्या टाचणीवर हसून पुढे आलात, ते आठ दिवसांत कळवावं. खुलासा न आल्यास आपली संमती आहे असं गृहीत धरण्यात येईल. तुंगारावर दुसरा धोंडा रिकामाच आहे.