शर्लीसाठी विश्वनाथबुवा

विश्वनाथबुवा उंबरेकरांच्या गाण्याला भाषा लागत नाही, असं भाऊसाहेबांचं ठाम मत होतं. २००५ साली ते बार्शीहून मुलाकडे, ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात राहायला आले, तेव्हा त्यांचं लोणचं विमानतळावर काढून घेतलं गेलं. बुवांच्या सीड्यांना मात्र कोणी हात लावला नाही.

शेजारच्या रॉनला तर त्यांनी पार बुवांच्या नादी लावलं. भाऊसाहेबांचं इंग्रजी चार शब्दांचं आणि रॉनला मराठीचा गंध नाही, तरी दोघं दुपारी घरामागच्या लाकडी डेकवर चहा पीत बुवा ऐकत बसायचे. एका गाण्याला रॉनचे डोळे हमखास भरून यायचे. त्याने अर्थ विचारला तेव्हा भाऊसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "शी गो. ही क्राय." रॉनने ती सीडी मागूनच घेतली.

त्या हिवाळ्यात रॉनची बायको शर्ली वारली. मुलगा परेश आणि सून उत्तरा भाऊसाहेबांना घेऊन अंत्यविधीला गेले. रॉन उठला, म्हणाला की माझ्या मनातलं दुःख मला शेजाऱ्याच्या एका गाण्यात सापडलं, आणि स्पीकरवर एकतारी वाजू लागली.

परेशने चमकून उत्तराकडे पाहिलं. हे गाणं तो लहानपणापासून ऐकत होता. बाजारात विकून टाकलेल्या म्हशीचं गाणं होतं ते! मालक पस्तावून रडतो आणि तिची शिंगं, तिच्या लाथा, तिने फस्त केलेली पेंड, सगळं आठवत बसतो.

"गप्प बस. कोणाला कळणार आहे?" उत्तरा कुजबुजली. शेजारी भाऊसाहेब अभिमानाने डोळे पुसत होते.

गाणं संपलं आणि रॉनने विनंती केली, परेशने उठून अर्थ सांगावा.

परेश उठला. 'सॉफ्टवेअर जवळजवळ तयार आहे' यापलीकडे तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. एक माणूस आपल्या सोबतिणीची आठवण काढतोय, त्याने इंग्रजीत सुरुवात केली. तिची डौलदार चाल, काळेभोर डोळे, घरादाराला पुरून उरणारी माया... पुढच्या रांगेत रुमाल निघाले. शर्लीची बहीण हुंदके देऊ लागली. सुटलो, असं म्हणत परेश खाली बसणार, एवढ्यात भाऊसाहेब उभे राहिले. पोराच्या एवढ्या लांबलचक इंग्रजीत त्यांना हवा तो शब्द कुठे ऐकूच आला नव्हता.

"नो, नो," ते गंभीरपणे म्हणाले. "बफेलो."

आणि कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर शिंगं करून दाखवली.

सगळ्यांच्या माना रॉनकडे वळल्या. रॉन खुर्चीत वाकला, त्याचे खांदे गदागदा हलू लागले. म्हातारा कोसळला, असं वाटून परेश धावला. जवळ जाऊन बघतो तर रॉन हसत होता. नवराबायकोने सारा जन्म वायकाटोत गाई पाळल्या होत्या. माझ्यासाठी तू कसला रडतोस, रडशील तर गाईंसाठीच, असं शर्ली त्याला नेहमी म्हणायची म्हणे.

नंतर चहाच्या वेळी रॉनने परेशला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या वडिलांना विचार, बुवांचं रेड्यावर एखादं गाणं आहे का? माझ्या वेळी लागेल.

परेशने विचारलं. भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आहे की," ते म्हणाले. "पण ते लग्नात म्हणतात."