चाळीस पावलांवरून

सुटीत कॉलेजातून डोंगरकड्याला आलो, की ग्यानबाकाका मला वाटेतच अडवायचे. त्यांच्या ओट्यापासून लिंबाचं झाड बरोबर चाळीस पावलं. दिवस मावळताना त्या झाडाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला ते ओरडायचे, "तितंच थांब. बोलू नको."

मग डोळे बारीक करून बघत राहायचे. एकदा मी डोक्यावर ट्रंक घेऊन तसाच उभा. मान अवघडली.

"म्हादूची सून हायेस का?"

"न्हाई, काका. मी किसन."

"बोलू नको म्हणलं ना, लेकरा." काका हिरमुसले. "बोलल्यावर कुणीबी ओळखतंय."

चाळीस पावलांवरून त्यांनी कुणाला ओळखल्याचं मला आठवत नाही.

काका आमचे शेजारी. स्वतः न पाहिलेली गोष्ट ते कधी सांगत नसत. बहिणीची खुशाली विचारली तर म्हणायचे, "सोमवारपर्यंत बरी व्हती." एकदा सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "पोरगं कसं हाय?" काका म्हणाले, "चांगलं हाय. पण म्या बसलेलंच पाहिलं, चालताना न्हाई." पाहुण्यांनी नवरदेवाला गल्लीतून तीनदा चालवलं.

हे वेड त्यांना कसं लागलं, ते मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पाटलांची कडब्याची गंजी जळाली, तेव्हा तिन्हीसांजेला काकांनी एक माणूस पळताना पाहिला. कचेरीत त्यांनी शपथेवर सांगितलं, "लतीफ पिंजारी व्हता." लतीफ त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याला सजा झाली. वर्षभरानं हैदराबादला अपिलात तो सुटला. पण गाव म्हणायचं, "सुटला खरा, पर व्हता त्योच." आग लावणाऱ्याच्या हाती कापूस कोण देणार? त्याची पिंजायची कमान खुंटीवरच राहिली.

त्या काळी आमच्याकडे निजामाचं राज्य. शाळा उर्दू, फैसलेही उर्दू. ट्रंक उतरवल्यावर काकांनी मला घरात नेलं आणि जपून ठेवलेली फैसल्याची नक्कल पुढे केली.

"तिघांनी वाचून दाखवली. तू चवथा. शिकून राहिलास, नीट बघ."

मी अडखळत वाचलं. गवाह खोटं बोलत नाही. पण इतक्या कमी उजेडात चाळीस पावलांवरून चेहरा ओळखल्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून संशयाचा फायदा आरोपीला.

"म्होरं?"

"संपलं, काका."

"त्यानं केलं न्हाई, असं कुठंच लिव्हलं न्हाई?"

मी कागद उलटून पाहिला. मागे नुसता शिक्का होता. लिहिलंय म्हणून सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

"न्हाई, काका."

त्यांनी नक्कल घडी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारावर चार माणसं बसली होती. काका मध्येच म्हणाले, "गंजी लतीफनं जाळली न्हाई."

पाटलांचा गडी हसला. "काहून काका, तुमी पाहिलं का?"

"न्हाई पाहिलं," काका म्हणाले. "तरी सांगून राहिलो."

संध्याकाळी त्यांनी आपली गादी डोक्यावर घेतली. "पिंजायला नेऊन राहिलो," एवढंच काकूंना म्हणाले. गादी दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत लोंबत होती. तोंड पार झाकलेलं. मी मागून चाललो होतो. दिवस मावळला होता. लतीफचा ओटा चाळीस पावलं तरी लांब असेल, तोच तिकडून आवाज आला.

"हळू ये, ग्यानबा. म्होरं दगड हाय."