ताशी चार मैलांची स्वारी

आमचे शेजारी टिपणीसकाका कुठल्याही विषयावर बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला अमेरिकेच्या यादवी युद्धात शिरतात. कौन्सिलने कचऱ्याच्या बिन्स उचलल्या नाहीत, एवढं निमित्तही पुरतं. "आमचा लेफ्टनंट असता ना," ते म्हणतात, "तर बिन नेऊन थेट त्यांच्या रिसेप्शनला ठेवली असती."

हा लेफ्टनंट काकांचा कोणी लागत नाही. तो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा. नौदलाच्या कॉलेजातून खोड्यांपायी बाहेर पडावं लागलेला आणि लढाई सुरू झाल्यावर परत घेतलेला. शत्रूच्या जनरलला राहत्या घरातून उचलायला हा होडीने गेला. जनरल घरी नव्हते, तर निरोपाची चिठ्ठी ठेवून आला. पुढे एका छोट्या लाँचला पुढे लांब दांडा लावला, दांड्याच्या टोकाला बाँब, आणि शत्रूची लोखंडी युद्धनौका बुडवून पोहत परत आला. "एकवीस वर्षांचा होता, अरे! एकवीस! त्या वयात मी आईला विचारून सिनेमाला जात होतो."

काका स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचे. कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी तीस वर्षं मोटारीच्या दारांच्या हँडल्सची ड्रॉइंग्ज काढली. इंग्लंडमध्ये समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब हे गाव आहे. पण गावात कॅनॉल आहे. काकू गेल्या त्या वर्षी काकांनी एक जुनी नॅरोबोट घेतली. आगगाडीच्या डब्यासारखी लांब, अंगाने अरुंद, आणि आधीच्या मालकाने नाव ठेवलेली 'डेझी'. आरमाराला हे नाव शोभत नाही हे काकांनाही मान्य आहे, पण बोटीचं नाव बदलणं अशुभ असतं म्हणे.

मी नागपूरहून नोकरीला येऊन शेजारी राहायला लागलो, तेव्हा फेन्सवरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोहता येतं?"

"नाही."

"लेफ्टनंटच्याही सगळ्या माणसांना येत नव्हतं."

"मग त्यांचं काय झालं?"

"बुडाले," काका म्हणाले, आणि मला क्रूमध्ये घेतलं.

आता आमच्याकडची यादवी. आमच्या मराठी मंडळात दोन वर्षांपूर्वी फूट पडली. गणपती पंचांगातल्या दिवशी बसवायचा की सोयीच्या शनिवारी, हा प्रश्न होता. तिथीवाल्यांचे पुढारी टिपणीसकाका. शनिवारवाल्यांचे पुढारी विनायक साळवी. दोघे एकाच वर्षी इथे आलेले, एकाच ऑफिसात शेजारशेजारच्या ड्रॉइंग बोर्डांवर बसलेले. पण त्या मीटिंगमध्ये काका साळवींना 'वीकेंड भक्त' म्हणाले आणि साळवींनी काकांना 'भिंतीवरचं कॅलेंडर' म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद.

मंडळाची वाटणी झाली. सतरंज्या आम्हाला, स्पीकर त्यांना. पण दोनशे माणसांच्या मसालेभाताचं पातेलं साळवींच्या शेडमध्ये राहिलं, आणि पातेल्याची वाटणी होत नाही.

यंदा श्रावण लागला तसा काकांनी बेत सांगितला. साळवींच्या घराची मागची बाजू कॅनॉलला लागून आहे. पातेलं कोणाच्याही कारच्या डिकीत मावत नाही. "आणि पाण्याकडून कोणी येईल अशी शत्रूला अपेक्षाच नसते. लेफ्टनंटचं सगळं यश त्यात आहे."

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही निघालो. काकांनी निळी टोपी घातली होती. डेझीला ताशी चार मैलांची मर्यादा आहे, आणि ती काकांनी युद्धकाळातही मोडली नाही. आधी एक जॉगर पुढे गेला. मग प्रॅम ढकलणारी एक बाई. मग एक बदक. काठावर गळ टाकून बसलेले म्हातारे हात वर करून "मॉर्निंग!" म्हणत, आणि आमचा गुप्त हल्ला प्रत्येकाला "मॉर्निंग!" म्हणत पुढे सरकत होता.

दीड तासाने साळवींचं मागचं गेट आलं. मी दोर धरून उतरलो. शेडला कुलूप नव्हतं. पातेलं समोरच होतं. काका एक हात पातेल्याच्या कडीवर ठेवून उभे राहिले, आणि तेवढ्यात घरातून आवाज आला.

"शऱ्या? आलास? अरे, किती वेळ लावलास!"

काकांना शऱ्या म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मागच्या काचेच्या खोलीच्या दारात साळवीकाका उभे होते. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. राग नाही, आश्चर्य नाही. टेबलावर तीन कप मांडलेले. "चहा केव्हाचा करून ठेवलाय," ते म्हणाले. कपांत नुसतं पाणी होतं, गार झालेलं.

काका टोपी काढून खुर्चीत बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"उद्या ते हँडलचं ड्रॉइंग द्यायचंय ना रे?" साळवीकाकांनी विचारलं.

"माझं झालंय. तुझंही करून ठेवलंय."

साळवीकाका खूश झाले. मग तिसऱ्या कपाकडे बघून म्हणाले, "आणि वहिनी? वहिनी कुठंय?"

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या वेळी साळवीकाका चार दिवस काकांच्या घरी राहिले होते, हे मला काकांनीच कधीतरी सांगितलेलं.

"येतेय मागून," काका म्हणाले. "तिला पार्किंग मिळत नाहीये."

"आपल्या रस्त्यावर रविवारी मिळतच नाही," साळवीकाका म्हणाले, आणि दोघांनी ते गार पाणी पिऊन टाकलं.

साळवीकाकांचं हे विसरणं शनिवारवाल्यांना सहा महिन्यांपासून माहीत होतं. ते आळीपाळीने दुपारी डबा घेऊन येत. तिथीवाल्यांना कोणी कळवलं नव्हतं, कारण शत्रूला आतली बातमी देत नाहीत.

परतताना मी विचारलं, "काका, पातेलं?"

"राहू दे. जड आहे."

त्यानंतर काका दर रविवारी डेझी घेऊन जाऊ लागले. साळवीकाकांना लाइफजॅकेट घालून पुढे बसवायचं आणि तासभर फिरवून आणायचं. लेफ्टनंटची गोष्ट साळवीकाकांना दर खेपेला नवी असते. "मग? जहाज बुडालं?" ते दर रविवारी तितक्याच काळजीने विचारतात. इतका चांगला श्रोता काकांना जन्मात मिळाला नव्हता.

गेल्या महिन्यात साळवीकाकांची मुलगी मनीषा आली. ती लीड्सला हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. डोळे पुसत म्हणाली, "काका, बाबा एकटा नाय राहू शकत आता. माझा घर मोठा आहे, मी घेऊन जाते त्याला. तुम्ही रागावणार नाय ना?"

"छे, छे," काका म्हणाले. "योग्यच आहे."

साळवीकाका लीड्सला गेल्यावर काल मी टिपणीसकाकांकडे गेलो, तर डायनिंग टेबलभर कॅनॉलचा नकाशा पसरलेला होता. पेन्सिलीने ओढलेली एक रेघ कॉव्हेंट्रीहून निघून वळणं घेत घेत लीड्सला पोचली होती. वाटेतल्या प्रत्येक लॉकवर, म्हणजे बोट वर-खाली चढवणाऱ्या पाण्याच्या दारांवर, ड्रॉइंग ऑफिसातल्या सवयीने बारीक फुली.

"दोन आठवडे लागतील," काका म्हणाले.

"काका, ट्रेनने तीन तासांत पोचाल."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि नकाशाची एक दुमड तळहाताने सरळ करत राहिले.

"ट्रेनने आलेल्या माणसाला चहा देतात आणि संध्याकाळच्या गाडीला पोचवतात," ते म्हणाले. "दोन आठवडे बोट हाकत आलेल्याला, निदान थोडे दिवस तरी, ठेवून घ्यावं लागतं."